रिकाम्या मजल्यांवरचे पाणी

११ मार्च २०२०, बुधवार. या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने करोना विषाणूच्या साथीला जागतिक महामारी असे संबोधले. ही नोंद कोणालाही पडताळून पाहता येईल. त्याच दुपारी, शहराच्या मध्यभागातल्या एका चौदा मजली कार्यालयीन इमारतीच्या तळमजल्यावर, कॅन्टीन चालवणाऱ्या एका बाईंनी रोजच्यापेक्षा अर्धाच भात लावला आणि तोही उरला. ही दुसरी गोष्ट केवळ त्यांच्या आठवणीत आहे. पुढील मजकुरात दोन्ही प्रकारच्या गोष्टी आहेत, आणि जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तो नोंदवला आहे.

हा वृत्तान्त त्या बाईंच्या धाकट्या भावाचा आहे. इमारतीचे प्लंबिंग त्यांच्याकडे होते. कार्यालयांतली माणसे त्यांना नळभाऊ म्हणत. कॅन्टीनवाल्या बहिणीला सगळेच, पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत, ताई म्हणत. ताई मात्र भावाला "ए नळ्या" अशीच हाक मारत, आणि ती हाक जिन्यातून पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू जाई.

इमारत बांधली जात असताना नळभाऊ एका ठेकेदाराच्या हाताखाली पाइप उचलायला आले. ठेकेदार काम संपवून गेला, हे राहिले. तळघरात पंपाशेजारी त्यांची खोली होती: एक खाट, नळ आवळायचे पाने आणि वायसरांचे डबे, भिंतीवर एक जुने घड्याळ. पंप सुरू झाला की घड्याळाची काच थरथरत असे. त्यांचे लग्न झाले नाही. का झाले नाही याची ताई आणि ताईंची मुलगी दोन वेगवेगळी कारणे सांगतात, आणि दोन्ही सांगताना दोघीही हसतात. म्हणून ती दोन्ही येथे वगळली आहेत.

ताईंचे यजमान अकाली गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. नळभाऊंनी व्यवस्थापकांकडे खेटे घालून जिन्याखालची एक कोपऱ्यातली जागा बहिणीसाठी मिळवली. तिथे पाणी नव्हते. तळघरातून वर पाइप त्यांनी स्वतः ओढला, आणि ज्यावरून गिऱ्हाइकांना चहा द्यायचा त्या कठड्यामागे एक पितळी नळ बसवला. चहा, कॉफी, उकडलेली अंडी, पाव, दुपारी भात आणि एक भाजी. भाची त्या कठड्याच्या टोकाला बसून अभ्यास करून मोठी झाली. नळभाऊ सकाळचा चहा, दुपारचे आणि संध्याकाळचे जेवण तिथेच घेत. "भाऊ माझा पाहुणा," ताई गिऱ्हाइकांना सांगत, "आला तो गेलाच नाही."

भरलेल्या इमारतीत प्लंबरचे अस्तित्व जाणवू नये, असाच संकेत असतो. नळभाऊ एखाद्या मजल्यावर दिसले की लोक आधी जमिनीकडे पाहत, मग छताकडे. "काय नळभाऊ, आज कोणाकडे गळती?" असे विचारले की ते ठरलेले उत्तर देत, "तुमच्याकडे नाही ना, मग झोपा." साथीच्या आधीच्या वर्षांतली त्यांच्याविषयीची आठवण विचारली असता जुन्या कर्मचाऱ्यांना एवढेच आठवते.

मग मजले ओस पडले. संगणक, खुर्च्या, कोणाच्या तरी टेबलावरची पाण्याची बाटली, सगळे जागच्या जागी. माणसे तेवढी घरी. इमारतीत रोज येणारी माणसे तीनच उरली: पहारेकरी, नळभाऊ आणि, निर्बंध थोडे सैल झाल्यावर, ताई.

त्याच वर्षाच्या शेवटी एक प्रसंग घडला, आणि पुढचे सारे त्यातून निघाले. सातव्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून गेले होते. व्यवस्थापक एका कंपनीच्या माणसांना ती जागा दाखवायला घेऊन आले. दार उघडले आणि आतून गटाराचा असा भपकारा आला की पाहुणे दारातूनच मागे फिरले. तोंडावर मास्क होते, तरीही.

यात गूढ काही नव्हते. बेसिनच्या आणि संडासाच्या खाली पाइपाला एक वळण असते. त्या वळणात ओंजळभर पाणी साचून राहते, आणि तेवढेच पाणी गटाराचा वास अडवून धरते. कारागीर त्याला ट्रॅप म्हणतात. नळ वापरात असेल तोवर हे पाणी बदलत राहते. कोणी वापरलाच नाही तर ते हळूहळू सुकते. सातव्या मजल्यावरचे सगळे ट्रॅप कोरडे पडले होते.

व्यवस्थापक लिफ्टमधून उतरले ते थेट कॅन्टीनच्या कठड्याशी आले. नळभाऊंच्या हातात कप होता.

"नळभाऊ, लाज काढलीत आमची! माणसं शेपूट घालून पळाली."

"साहेब, मजला बंद होता."

"बंद मजल्याचाच तर वास येतो! आठवड्यातून एकदा पाणी सोडत जा सगळीकडे. तेवढं तरी."

नळभाऊंनी कप खाली ठेवला. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ते जेवले नाहीत. इमारतीत आलेल्या पहिल्या पाइपापासून प्रत्येकाला त्यांचा हात लागला होता, आणि इतक्या वर्षांत वासावरून कोणी त्यांना बोलले नव्हते.

सूचना आठवड्यातून एकदाची होती. नळभाऊंनी ती रोजची केली. यापुढची तऱ्हा खास त्यांची होती: ते पाणी वाटेल त्या वेळी सोडत नसत. पूर्वी कार्यालये भरण्याची जी वेळ, त्या वेळी ते चौदाव्या मजल्यावर जात आणि एकेक मजला उतरत सगळे नळ, सगळे फ्लश चालवत येत. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास पुन्हा एक फेरी. संध्याकाळी कार्यालये सुटण्याच्या वेळी तिसरी, थोडी आटोपशीर. त्यामागचा त्यांचा विचार असा की गच्चीवरच्या टाकीला, पंपाला आणि पाइपांना वर्षानुवर्षे जी वेळ लागली आहे ती मोडली तर पाणी टाकीत शिळे होते आणि दाब बिघडतो. यातले टाकीचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पाइपांना वेळेची सवय लागते, याला मात्र कोठेही आधार सापडला नाही.

"माणसं नाहीत आणि हा बाबा नळांना वेळेवर पाणी पाजतोय," ताई पहारेकऱ्याला सांगत. "मला ताप आला होता तेव्हा विचारलंन् नाही एवढं."

"विचारलं होतं," नळभाऊ म्हणत.

"काय विचारलं होतंस? 'ताई, आज भात कोण लावणार?'"

"विचारलं तर होतं."

आता थोडे आकड्यांविषयी सांगणे भाग आहे. कार्यालयाच्या जागा किती रिकाम्या आहेत हे तोपर्यंत करारांवरून मोजले जाई. ज्या मजल्याचा भाडेकरार चालू आहे तो भरलेला, ज्याचा नाही तो रिकामा. साथीनंतर या पद्धतीतला दोष उघडा पडला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या कंपनीचा करार चालू होता, पण तिथे कोणी फिरकत नव्हते; हिशेबात मात्र ते दोन्ही मजले भरलेले. शहराच्या नियोजन विभागाला हे खटकले. जागा भाड्याने गेली आहे का, यापेक्षा तिथे माणसे येतात का, हे त्यांना हवे होते. म्हणून त्यांनी पाणी मोजायचे ठरवले. मध्यवर्ती भागातल्या बहुतेक इमारतींत मजल्यागणिक मीटर होते. दिवसभर कार्यालयात बसलेला माणूस पाण्याला हात लावल्याशिवाय राहत नाही, आणि त्याचा वापर सकाळी, दुपारी, संध्याकाळी चढतो-उतरतो. ज्या मजल्यावर असा चढउतार दिसेल तिथे माणसे परतली, असे धरायचे.

कल्पना वाईट नव्हती. तिच्यात चूक शोधायला तळघरातल्या त्या खोलीत राहणारा माणूस ओळखीचा असावा लागला असता.

२०२२च्या फेब्रुवारीत विभागाचा एक सर्वेक्षक इमारतीत येऊन गेला. त्याने कॅन्टीनमध्ये चहा घेतला आणि कठड्याशी बसलेल्या नळभाऊंशी काही बोलला. ताई आत भांडी घासत होत्या. त्यांना मधलाच एक तुकडा ऐकू आला:

"वरच्या मजल्यांवर पाणी वापरात आहे ना?"

"रोज," नळभाऊ म्हणाले. "एकही दिवस खाडा नाही."

त्याआधी सर्वेक्षकाने आपण कशासाठी आलो हे सांगितले होते का, हे ताईंना माहीत नाही. सर्वेक्षकालाही नक्की आठवत नाही. त्या आठवड्यात त्याने पुष्कळ इमारती पाहिल्या. "मी उद्देश सगळ्यांनाच सांगतो," तो म्हणाला, "त्यांनाही सांगितला असेल." "असेल" या क्रियापदावर काहीही उभे करता येत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला भाची आली. ती तेव्हा उपनगरातल्या एका नव्या व्यावसायिक संकुलात स्वागतकक्षात काम करत होती आणि तिथेच जवळ राहत होती. संकुलाच्या तळमजल्यावर खाण्यापिण्याच्या छोट्या दुकानासाठी एक जागा निघाली होती. तिने आईचे नाव पुढे केले होते. मेच्या अखेरीपर्यंत उत्तर द्यायचे होते.

"आई, दोन मोठ्या खिडक्या आहेत. नळ आहे, सिंक आहे, धूर ओढणारा पंखा आहे. जिन्याखाली वाकून उभं राहायला नको."

"माझी कंबर जिन्याला सरावलीय."

"कंबर सरावलीय म्हणे! रोज संध्याकाळी फोनवर कोण कण्हतं?"

"आणि इथली माणसं?"

"कुठली माणसं? पहारेकरी आणि मामा! मामांना घेऊन चल की तिकडे. माझ्याकडे खोली आहे."

नळभाऊ ऐकत होते. ते म्हणाले, "मी कशाला तिकडे. इथे पाणी कोण बघणार?"

ताईंसाठी जायचे की राहायचे हा प्रश्न साधा नव्हता, हे येथे स्पष्ट करायला हवे. कॅन्टीन हेच त्यांचे आयुष्य होते. दुपारी येणारी गिऱ्हाइके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती. आणखी वर्षभर असेच गेले तर कॅन्टीन मिटवावे लागेल, आणि त्या वयात कोणी त्यांना नवी जागा देणार नाही, हे त्यांना कळत होते. उपनगरातली जागा ही शेवटची संधी होती. पण जुनी गिऱ्हाइके खरेच परतणार असतील तर इतक्या वर्षांची घडी मोडून जाणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. म्हणजे सगळे एका प्रश्नावर अडले होते: माणसे परत येत आहेत की नाहीत?

मेच्या मध्यास नियोजन विभागाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलला. मध्यवर्ती भाग सावरतो आहे, असे त्यात म्हटले होते. वर्षभरापूर्वी तिथल्या शंभर भाग जागेपैकी एकतीस भाग ओस होते, आता चोवीस. उपनगरांत उलट: एकोणिसांवरून सव्वीस. सावरत्या इमारतींची जी उदाहरणे दिली होती त्यांत ही चौदा मजली इमारतही होती. सात, नऊ, दहा आणि बारा या करार संपलेल्या मजल्यांवर "नियमित दैनंदिन वापर पुन्हा सुरू झाल्याचे" दिसले होते.

पहारेकऱ्याने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. ताईंनी ती दुसऱ्यांदा वाचायला लावली.

"बघ! मी म्हणत नव्हते? दहाव्यावर येतायत माणसं. मला वाटलंच, लिफ्ट वर जाते मधूनमधून."

"लिफ्टनं नळभाऊ जातात, ताई," पहारेकरी म्हणाला.

"तुला काय कळतंय! शहरानं मोजून सांगितलंय. डबे आणत असतील घरून. कंटाळतील आणि उतरतील खाली. कोण रोज गार डबा खातो?"

नळभाऊ त्या वेळी कठड्याशी होते, याबद्दल पहारेकरी आणि ताई दोघांचे एकमत आहे. ते काय बोलले याबद्दल नाही. पहारेकऱ्याच्या मते ते काहीच बोलले नाहीत आणि उठून खाली गेले. ताईंच्या मते ते म्हणाले, "असेल, ताई," आणि मग उठून खाली गेले.

बातमी वाचून भाची त्याच रविवारी धावत आली. तिचा आणि आईचा संवाद दोघींनीही जवळजवळ सारखाच सांगितला, म्हणून तो विश्वसनीय मानला आहे.

"आई, तू स्वतः इथे बसतेस. तुझ्या डोळ्यांना दिसतात का माणसं? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"माझे डोळे जिन्याखाली आहेत. वरचं मला काय दिसणार?"

"आमच्याकडे रोज रांग लागते कॉफीला. मी बघते ना!"

"तुमच्याकडे शंभरात सव्वीस जागा ओस, असं लिहिलंय. मी हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू?"

"अगं, नव्या इमारती बांधल्यात म्हणून ओस दिसतात! माणसं कमी नाही झालेली."

"तू स्वागतकक्षात बसतेस की नियोजन विभागात?"

"पालथ्या घड्यावर पाणी," असे म्हणून भाची उठली. मुलीचे म्हणणे बरोबर होते. उपनगरांत नवे मजले तयार होत होते, ते भरायचे होते, म्हणून रिकाम्याचे प्रमाण चढले होते. तिथे येणारी माणसे प्रत्यक्षात वाढतच होती. पण ही माहिती अहवालाच्या आतल्या पानांत होती, आणि कॅन्टीनमध्ये वर्तमानपत्र होते.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा घेतली. आई आपले ऐकणार नाही, मामांचे ऐकेल, एवढी आशा तिला होती. नळभाऊ तळघरात नव्हते. ती मजला दर मजला शोधत नवव्यावर पोचली.

तिथे जे पाहिले ते ती असे सांगते. मजला पूर्ण रिकामा, गालिचेही उखडलेले. आत स्वच्छतागृहात एका ओळीत सहा बेसिन, आणि सहाही नळ सोडलेले. नळभाऊ उलट्या बादलीवर बसले होते. त्यांच्या हातात ताईंनी बांधून दिलेला पाव होता. खाणे थांबवून ते पाण्याकडे पाहत होते.

"मामा! हे कोणासाठी?"

"पाइपांसाठी."

"रोज?"

"रोज. नाही सोडलं तर वास येतो. बस ना."

दुसरी बादली नव्हती. ती दारात उभी राहिली. पाण्याच्या आवाजात तिला जरा ओरडूनच बोलावे लागले.

"मामा, आईला सांगा तुम्ही. ती तुमचं ऐकते. मेअखेर जागा जाईल हातातून."

नळभाऊंनी एकेक करून नळ बंद केले. शेवटचा नळ थेंबाथेंबाने गळत राहिला. खिशातून पाना काढून त्यांनी तो आवळला. मग म्हणाले, "सांगतो."

त्यांनी सांगितले का? ताईंना आठवते ते असे: त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी मान वर न करता विचारले होते, "ताई, तू गेलीस तर जेवणाचं काय करायचं?" ताईंनी उत्तर दिले, "मेल्या, मी कुठे जातेय? तू पण ना!" याला सांगणे म्हणता येईल का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्यापुरता सोडवावा.

मेअखेर ताईंनी नकार कळवला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. भाची काही महिने आईशी मोजकेच बोलली. मग तेही विरले. ताईंनी कठड्यावर आणखी चार कप मांडले. दहाव्या मजल्यावरून कोणीतरी उतरेल म्हणून त्या दुपारचा भात जरा जास्तच लावत, आणि उरलेला संध्याकाळी नळभाऊ आणि पहारेकरी मुकाट्याने संपवत.

दहाव्या मजल्यावरून कोणी उतरले नाही. वर्षभराने तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांचे करार संपले आणि ती कंपनी खुर्च्यांसकट गेली. २०२४मध्ये मालकांनी इमारत कार्यालयांसाठी न ठेवता तिची घरे करायचे ठरवले. आतले सगळे पाडून नवे बांधायचे, पाइपसुद्धा नवे. कॅन्टीनला जागा नव्हती.

त्यानंतरच्या, पुन्हा करारांवरून मोजलेल्या अहवालात मध्यवर्ती भागातले रिकाम्या कार्यालयांचे प्रमाण आणखी घसरलेले दिसते, आणि त्याला पुन्हा "सावरणे" असेच म्हटले आहे. हे कसे घडते ते समजायला गणिताची गरज नाही. शंभर खुर्च्यांपैकी तीस रिकाम्या असतील आणि त्यातल्या दहा रिकाम्या खुर्च्या कोणी उचलून बाहेर ठेवल्या, तर उरलेल्या नव्वदांत वीसच रिकाम्या दिसतात. नव्याने येऊन कोणी बसलेले नसते. ही चौदा मजली इमारत कार्यालयांच्या यादीतून वगळली गेली, आणि तिच्या वगळण्याने आकडा सुधारला. ताईंनी ती बातमी वाचली नाही. त्यांनी वर्तमानपत्र घेणे बंद केले होते.

शेवटच्या दिवशी नळभाऊंना सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे होते. ते नेहमीप्रमाणे चौदाव्यावर गेले आणि उतरत आले. प्रत्येक मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून नळ सोडले, पाणी आटेपर्यंत थांबले, मग पुढे. तळमजल्यावर आले तेव्हा ताई कठड्यामागे होत्या.

"थांब रे नळ्या. पातेलं घासायचं राहिलंय."

"घास. घाई नाही."

ताईंनी पातेले घासले, मग स्वच्छ असलेले चार कपही घासले. नळभाऊ तळघराच्या दाराशी उभे होते. पहारेकरी म्हणतो की कप घासून झाल्यावरही ताईंनी नळ बराच वेळ सोडून ठेवला, आणि नळभाऊंनी त्यांना बंद कर म्हटले नाही. शेवटी ताईंनीच हात पुसले. खाली जाऊन नळभाऊंनी मुख्य व्हॉल्व्ह फिरवला. पितळी नळातून थोडी हवा फुसफुसली, आणि मग काही आले नाही.

दोघे भाचीकडे राहायला गेले. ताईंच्या खिडकीतून ते संकुल दिसते. तळमजल्यावरचे दुकान उत्तम चालते. सकाळी रस्त्यापर्यंत रांग असते. ताई त्या खिडकीला पडदा लावून घेतात आणि कारण उन्हाचे सांगतात. नळभाऊंना करायला काही उरले नव्हते. भाचीच्या घरातले सगळे नळ त्यांनी पहिल्या आठवड्यातच दुरुस्त केले. शेजाऱ्यांचेही केले. मग ते बसून राहू लागले. हिवाळ्यात छातीचा आजार झाला आणि २०२५च्या जानेवारीत ते गेले.

तत्पूर्वी, डिसेंबरात, भाचीने कामाच्या ठिकाणी तो जुना अहवाल सहज उघडला होता. शेवटच्या पानावर पद्धत दिलेली होती, उघड, सगळ्यांना वाचता येईल अशी: माणसांच्या येण्याजाण्याचा अंदाज मजल्यांवरील पाण्याच्या वापरावरून केला आहे. तिला नववा मजला आठवला. त्या दिवसापासून मामांना विचारायचे, असे ती रोज ठरवत होती. "आज खोकला जास्त आहे, उद्या विचारू, असं करत राहिले," ती म्हणते. "आणि विचारणार तरी काय? 'मामा, तुम्हाला माहीत होतं का?' हो म्हणाले असते तर मी काय करणार होते?" तिची स्वतःची खात्री मात्र आहे. "त्यांना माहीत होतं. आई गेली असती तर ते एकटे पडले असते. त्यांनी आईला पाण्यावर धरून ठेवलं."

ताईंना हे भावाच्या निधनानंतर कळले. मुलीच्या या बोलण्यावर त्यांनी एवढेच म्हटले, "नळ सोडणं त्याचं काम होतं. तो काय हौसेनं सोडत होता?" पण या लेखासाठी भेट झाली तेव्हा त्यांनी आपणहून एक प्रश्न विचारला. मुलीने एप्रिलमध्ये नव्या जागेचे सांगितले, त्यानंतर त्या रिकाम्या मजल्यांवरचे पाणी वाढले होते की तेवढेच होते?

नियोजन विभागाकडे मीटरच्या नोंदी आहेत आणि त्या पाहता येतात. मार्चच्या तुलनेत एप्रिलमध्ये सात, नऊ, दहा आणि बारा या मजल्यांवरचा वापर ठळकपणे वाढलेला आहे. ताईंना तसे सांगितले.

त्यांनी खिडकीचा पडदा नीट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "उन्हाळा होता."

त्या वर्षी एप्रिलमध्ये उन्हाळा कडक होता, हे वेधशाळेच्या नोंदींवरून खरे आहे. उन्हाळ्यात ट्रॅप लवकर सुकतो आणि पाणी जास्त सोडावे लागते, हेही खरे आहे. पण आधीच्या वर्षीचा एप्रिल ताडून पाहता येत नाही, कारण या इमारतीत मजल्यागणिक नोंदी ठेवायला तोवर सुरुवात झाली नव्हती. सर्वेक्षकाने नळभाऊंना आपला उद्देश सांगितला होता की नाही, हे अज्ञात आहे. त्यांनी अहवालाचे शेवटचे पान पाहिले होते की नाही, हे अज्ञात आहे. कठड्याशी बातमी वाचली जात असताना दहाव्या मजल्यावरची माणसे म्हणजे आपणच, हे त्यांना उमगले होते का, आणि उमगले असल्यास ते उठून तळघरात का गेले, हे सांगू शकणारा माणूस आता नाही.